पार्ट येत नाही

केनवड हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं, मालेगाव–मेहकर रस्त्यावरचं गाव. सोयाबीन, तूर, हरभरा आणि पाण्याची सोय असेल तिथे हळद, असा हा मुलूख. इथे कॅमेरा विकत घेतला जातो तो बहुतेक वेळा हौसेसाठी नाही, पोटासाठी. तुळशीचं लग्न लागलं की फोटोग्राफरचा हंगाम सुरू होतो आणि मृगाच्या तोंडावर संपतो. साखरपुडा, हळद, लग्न, बारसं, एखादा सत्कार, एखादी मिरवणूक. पूर्वी त्याच्या जोडीला दहावी-बारावीच्या अर्जांचे फोटो असत, सरकारी योजनांच्या कागदांना लागणारे फोटो असत. ती लहान कामं मोबाइलने नेली. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी आली आणि कास्तकार स्वतःच वावरात उभा राहून पिकाचा फोटो काढू लागला. ते चांगलंच झालं. पण गावच्या फोटोग्राफरच्या हाती मुख्यतः लग्नच उरलं, आणि लग्नात चुकलेला फोटो पुन्हा काढता येत नाही. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात त्या वेळी शटर उघडलं नाही, तर सगळ्या वऱ्हाडासमोर नाव जातं आणि पुढच्या दोन सुपाऱ्याही जातात.

अशा माणसाचा कॅमेरा बंद पडला की चौकशी अकोल्यापासून सुरू होते. तिथे जमलं नाही तर नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर, आणि शेवटी मुंबईत फोर्टचा बोरा बाजार. कॅमेरा कुरिअरने जातो, कारागीर तो खोलून बघतो आणि फोन करतो. बिघाड कळलेला असतो, हातही तयार असतो. तरीही फोनवर अनेकदा तीनच शब्द ऐकू येतात: पार्ट येत नाही.

या तीन शब्दांमागे काय काय आहे, हे ग्राहकाला कुणी सांगत नाही. ते समजून घ्यायला कॅमेरा आतून कसा झिजतो तिथपासून सुरुवात करावी लागेल.

डीएसएलआर कॅमेऱ्याचं शटर म्हणजे पातळ पात्यांचे दोन पडदे. पहिला पडदा सरकतो, सेन्सरवर उजेड पडतो, दुसरा पडदा येऊन तो बंद करतो. सेकंदाच्या चार हजाराव्या भागात हे घडायचं असेल तर दोन्ही पडद्यांच्या मधली फट एखाद्या चिरेएवढी असते. पाती स्प्रिंगांच्या ताणावर पळतात आणि विद्युतचुंबक त्यांना नेमक्या क्षणी सोडतात. हे यंत्र अमर नाही आणि कंपन्यांनी ते कधी लपवलेलंही नाही. कॅनन ५डी मार्क टू किंवा निकॉन डी७५०च्या शटरची चाचणी दीड लाख क्लिकपर्यंत झालेली आहे, निकॉन डी८५०ची दोन लाखांपर्यंत. शहरातला हौशी माणूस दीड लाख क्लिक आयुष्यभरात करणार नाही. पण एका हंगामात तीस लग्नं आणि दर लग्नाला अडीच हजार क्लिक धरा. वर्षाला पाऊण लाख होतात. म्हणजे दोन हंगामांत शटर त्या आकड्याशी येऊन ठेपतं. त्यानंतरही ते चालू शकतं, पण प्रत्येक लग्न मग धाकधुकीत काढावं लागतं.

त्यात आपल्याकडची हवा. सोयाबीनची मळणी सुरू झाली की पंधरा-पंधरा दिवस रस्त्यालगतच्या घरांवर भुसा बसलेला असतो. उन्हाळ्यातल्या लग्नात मांडवाखाली पारा चाळिशीच्या वर असतो. आणि आता हळदीच्या कार्यक्रमात हळद लावत नाहीत, उधळतात; सोबत रंगीत धुराच्या नळ्या असतात. हळदीची ती बारीक पूड झूम लेन्सच्या नळीतून आत ओढली जाते, कारण झूम फिरवला की लेन्स श्वास घेतल्यासारखी हवा आत-बाहेर करते. लेन्सच्या आत डायफ्रॅमपर्यंत जाणारी एक पातळ पट्टी असते. कारागीर तिला फ्लेक्स म्हणतात. ती प्रत्येक झूमबरोबर दुमडते आणि सरळ होते. काही वर्षांनी तिच्यातला तांब्याचा एखादा धागा तुटतो. मग पडद्यावर एरर येते आणि कॅमेरा अडून बसतो. काच शाबूत, मोटर शाबूत, सेन्सर शाबूत. बोटभर लांबीची एक पट्टी तुटलेली. मूळ पट्टी मिळाली तर कसबी हाताला हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. ती मिळाली नाही तर हजारो रुपयांची लेन्स कपाटात जाते.

पार्ट येत नाही म्हणजे काही वेळा खरोखरच तो पार्ट जगात कुठे बनत नाही. मॉडेल बंद झालं, त्याचे साचे मोडीत निघाले, त्यातली चिप बनवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीने ती बनवणं थांबवलं. यावर कुणाचा इलाज नाही. पण अनेकदा पार्ट असतो. तो कंपनीच्या गोदामात असतो, कंपनीच्या स्वतःच्या किंवा तिने नेमलेल्या सेवा केंद्रात असतो. बाहेरच्या कारागिराला मात्र विकला जात नाही. सेवा केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी क्वचितच असतं, बहुधा मोठ्या शहरात असतं. तिथे तुटलेली पट्टी बदलत नाहीत, ती पट्टी ज्या जोडणीत आहे ती आख्खी जोडणी बदलतात, आणि खर्चाचा अंदाज जुन्या कॅमेऱ्याच्या बाजारभावाजवळ जाऊन पोहोचतो. तिसरा प्रकार आणखी कठीण. पार्ट कुठून तरी मिळतो, बसवताही येतो, पण शटर बदलल्यावर त्याचा वेग आणि मिरर बॉक्स हलवल्यावर फोकस पुन्हा जुळवावा लागतो. ते काम संगणकाला जोडून, कंपनीच्या सॉफ्टवेअरने होतं. ते सॉफ्टवेअर बाहेर दिलं जात नाही. तेव्हा हातात पार्ट असूनही दुरुस्ती अर्धीच राहते.

*

या मराठी मुलखात कॅमेऱ्याशी माणसाचं नातं असं परकं नव्हतं. दादासाहेब फाळके १९१२मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र, धुण्याची आणि छपाईची साधनं घेऊन आले. त्या वेळी कच्ची फिल्म भोकं न पाडता येत असे. ती भोकं अंधारात पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या, रसायनं मिसळणं शिकल्या, फिल्म धुणं शिकल्या. ३ मे १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्याच्यामागे दादरच्या एका घरात उघडून, हाताळून, समजून घेतलेलं यंत्र होतं. विकणाऱ्याने यंत्र विकलं आणि त्याबरोबर ते यंत्र समजून घेण्याची मुभाही दिली. किंबहुना अशी मुभा वेगळी द्यावी लागते, हे त्या काळी कुणाच्या मनातही आलं नसेल.

कोल्हापुरात तर याच्याही पुढची गोष्ट घडली. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्याने भाऊ, नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. फाळक्यांचं काम पाहून त्यांनाही चित्रपट काढायचा होता. पहिलं महायुद्ध सुरू होतं, परदेशी कॅमेरा आणणं आवाक्याबाहेर होतं. त्यांनी जुना प्रोजेक्टर घेतला आणि तो खोलून त्याच्या यंत्रणेवरून कॅमेरा बनवायला घेतला. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचा जीव एकच: फिल्म एकेक चौकट पुढे सरकवायची, क्षणभर थांबवायची, पुन्हा सरकवायची. १९१६मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी हातातलं काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले त्यांच्या सोबतीला होते, तेच दामले ज्यांनी पुढे प्रभात फिल्म कंपनी उभारण्यात हात दिला. कॅमेरा तयार झाला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा उभा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. कोल्हापुरात खरी कॉर्नरला आजही कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. शहराने एका यंत्राचं स्मारक करावं, अशी उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत.

ही गोष्ट अभिमान म्हणून सांगितली जाते, तशी ती सांगावीच. पण मला तिच्यात एक वेगळा मुद्दा दिसतो. बाबूराव हे करू शकले कारण जो प्रोजेक्टर त्यांच्यासमोर होता, तो स्क्रू काढला की आपलं सगळं गुपित दाखवत होता. दातेरी चाक झिजलं तर लेथवर नवं करता येत होतं. स्प्रिंग तुटली तर दुसरी वळता येत होती. शिकणं आणि दुरुस्त करणं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

ते दिवस पुढेही बरीच वर्षं टिकले. १९८२मध्ये आलेला निकॉनचा एफएम२ सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंतचे सगळे वेग बॅटरीशिवाय देत असे. बॅटरी फक्त उजेड मोजायला. पेंटॅक्सचा के१००० १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बनत राहिला. आपल्या घराघरांत पोहोचलेला अ‍ॅग्फा क्लिक थ्री तर बडोद्याला बनायचा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो आणि बिघडायला आत जवळपास काहीच नाही. तालुक्याच्या स्टुडिओंमधून दिसणारे याशिकाचे दुहेरी भिंगांचे कॅमेरे घड्याळजीही उघडत. आजही एफएम२ किंवा के१००० चालू करून देणारा माणूस सापडतो. अडचण आहे ती त्यानंतरच्या कॅमेऱ्यांची. १९८६मध्ये घेतलेला कॅमेरा दुरुस्त होतो आणि २०१४मध्ये घेतलेला होत नाही, ही विचित्र अवस्था आली ती नुसत्या तंत्रज्ञानाच्या ओघात आलेली नाही. तिच्यात माणसांनी घेतलेले निर्णयही आहेत.

*

त्यातला एक निर्णय तारखेसकट सांगता येतो. अमेरिकेत निकॉन कंपनीने १३ जुलै २०१२पासून आपल्या यादीत नसलेल्या दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग विकणं बंद केलं. कॅमेरे आता गुंतागुंतीचे झाले आहेत, त्यांना खास हत्यारं आणि खास प्रशिक्षण लागतं, असं कारण दिलं गेलं. तिथल्या गावोगावच्या लहान दुकानांनी आरडाओरड केली. यादीतली दुकानं तेवढी राहिली. मग २०१९च्या अखेरीस कळलं की त्या मान्यताप्राप्त दुकानांचे करारही पुढे चालू ठेवायचे नाहीत. ३१ मार्च २०२०नंतर एवढ्या मोठ्या देशात कंपनीची स्वतःची दोन केंद्रं उरली, एक न्यूयॉर्कजवळ आणि एक लॉस एंजेलिसला. या दोन निर्णयांमध्ये आठ वर्षांहून कमी काळ गेला. जी दुकानं २०१२मध्ये ‘आम्ही यादीत आहोत, आम्हाला काय’ म्हणून गप्प बसली असतील, त्यांची पाळी २०२०मध्ये आली.

कॅननने त्याच सुमाराला वेगळ्या पद्धतीने वागून दाखवलं, तेही नोंदवायला हवं. ईओएस-१व्ही हा कंपनीच्या विक्रीत उरलेला शेवटचा फिल्म कॅमेरा. मे २०१८मध्ये त्याची विक्री थांबवताना कंपनीने जाहीर केलं की दुरुस्ती ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत करून देऊ. मात्र ऑक्टोबर २०२०नंतर पार्ट संपले असतील तर काम नाकारावं लागेल. मुदत पुरेशी होती का, यावर वाद घालता येईल. पण ग्राहकाला तारीख सांगितली गेली. कॅमेरा किती वर्षं सांभाळता येईल, कधी विकावा, कधी दुसरा घ्यावा, याचा हिशेब त्याला मांडता आला. जर्मनीतली लायका तर १९५४चा एम३ही दुरुस्तीला घेते, अर्थात त्याचा खर्च आपल्या फोटोग्राफरला झेपणारा नाही. तरी यातून एक गोष्ट सिद्ध होते. जुनं यंत्र सांभाळणं अशक्य नाही. ते परवडवायचं की नाही, हा ठरवण्याचा प्रश्न आहे.

कंपन्यांची बाजू मी हलकी मानत नाही. २०१०मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२०मध्ये हा आकडा ९० लाखांच्या आत आला. दहा वर्षांत बाजार तेराव्या हिश्श्यावर आला, कारण प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. अशा वेळी शेकडो मॉडेलांचे हजारो सुटे भाग गोदामात वर्षानुवर्षं ठेवणं हा खर्च आहे. चुकीच्या हातांनी जुळवलेला फोकस कंपनीच्या नावावर जातो, हेही खरं. नकली पार्टांचा धोका आहे. पण या प्रत्येक अडचणीला पार्ट न देण्यापेक्षा चांगलं उत्तर आहे. हत्यारं खास असतील तर ती विकत द्या. प्रशिक्षण लागत असेल तर शुल्क घेऊन द्या. नकली मालाची भीती असेल तर अस्सल माल दुकानात ठेवा. अस्सल मिळेना म्हणूनच माणूस नकलीकडे वळतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२१मध्ये तिथल्या संसदेला याच विषयावर अहवाल दिला. दुरुस्तीवर बंधनं घालायला उत्पादक जी कारणं देतात त्यांना फारसा पुरावा आढळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

आता याच काळात कॅमेऱ्याचा आणखी एक सांधा बदलला. मोठ्या कंपन्या डीएसएलआर सोडून आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे गेल्या. कॅननचा १डी एक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी६ हे दोन्ही २०२०चे. त्यानंतर त्या दर्जाचा नवा डीएसएलआर कुणीच आणला नाही. शहरातल्या मोठ्या फोटोग्राफरांनी जुने कॅमेरे विकले आणि ते सेकंडहँड बाजारातून तालुक्यांत, गावांत आले. जग जे यंत्र सोडत आहे ते केनवडसारख्या गावात आत्ता कुठे हप्ते फेडून स्वतःच्या मालकीचं होत आहे. म्हणजे सुट्या भागांची मुदत ज्या दिवशी संपते, त्या दिवशी त्याची सगळ्यात जास्त झळ बसते ती शेवटच्या खरेदीदाराला. पुण्या-मुंबईतला माणूस तोवर पुढच्या कॅमेऱ्यावर गेलेला असतो.

मग कारागीर काय करतात? ते मेलेल्या कॅमेऱ्यांवर जिवंत कॅमेरे जगवतात. एकाचा बोर्ड गेलेला, दुसऱ्याचं शटर गेलेलं. दोन्ही घ्यायचे आणि एक उभा करायचा. ज्यातून पार्ट काढायचा त्याला या धंद्यात डोनर म्हणतात. शिवाय चीनमधून तयार होऊन येणाऱ्या पट्ट्या, रबरं, शटर होती. ती अनेकजण अलीएक्स्प्रेसवरून थेट मागवत. २४ नोव्हेंबर २०२०ला केंद्र सरकारने ४३ अ‍ॅप बंद केली, त्यात अलीएक्स्प्रेसही गेलं. कारण देशाच्या सुरक्षिततेचं होतं आणि त्यावर मला काही म्हणायचं नाही. पण कंपनीचा दरवाजा आधीच बंद असताना ही फटही बुजली आणि मधल्या व्यापाऱ्यांचे भाव चढले, हा त्याचा परिणाम लहान कारागिराने सोसला. इतक्या अडचणीत ही माणसं हजारो कॅमेरे भंगारात जाण्यापासून वाचवतात. आपल्याकडे त्यांना ‘अनधिकृत’ म्हटलं जातं. मला तो शब्द अन्यायाचा वाटतो. ज्याने कधी परवाना नाकारला असं नाही, ज्याला कधी तो मिळवण्याची वाटच दाखवली गेली नाही, त्याला अनधिकृत ठरवण्याचा अधिकार विकणाऱ्याला कुणी दिला?

*

या प्रश्नाचं उत्तर आपल्याच देशात एकदा दिलं गेलं आहे, कॅमेऱ्यांच्या नाही तर मोटारींच्या बाबतीत. शमशेर कटारिया यांनी २०११मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. मोटार कंपन्या आपले सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, असं तिचं सार होतं. सुरुवातीला तीन कंपन्यांविरुद्ध असलेलं प्रकरण तपासात वाढत गेलं. २५ ऑगस्ट २०१४ला आयोगाने निकाल दिला आणि १४ कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. निकालाविरुद्ध पुढे अपिलं झाली. पण त्या निकालातला विचार मोलाचा आहे. मोटार विकत घेताना ग्राहकापुढे अनेक कंपन्या असतात. एकदा घेतली की तिच्या सुट्या भागांसाठी एकच कंपनी उरते. म्हणजे मोटारींच्या बाजारात कंपनी लहान असली तरी स्वतःच्या पार्टांच्या बाजारात तीच एकटी मालक असते, आणि त्या मालकीचा गैरवापर हा स्पर्धा कायद्याचा भंग ठरतो.

या विचारात ‘मोटार’ काढून ‘कॅमेरा’ घाला. बाकी एक अक्षरही बदलावं लागत नाही. उलट कॅमेऱ्याच्या बाबतीत पकड अधिक घट्ट आहे, कारण ज्याच्याकडे एका कंपनीच्या चार लेन्स आहेत तो बॉडी बंद पडली म्हणून दुसऱ्या कंपनीकडे सहज जाऊ शकत नाही. लेन्सचा माउंटच वेगळा.

जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली; तेव्हाच्या अतिरिक्त सचिव निधी खरे तिच्या अध्यक्ष होत्या. समितीने चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. २४ डिसेंबर २०२२ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं संकेतस्थळ सुरू झालं. शेतीची अवजारं यादीत पहिली आहेत, हे रास्तच झालं. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर पार्टासाठी उभा राहिला तर काय होतं, हे केनवडच्या कुठल्याही कास्तकाराला सांगावं लागत नाही. पुढे दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक ठरवायला भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती नेमली गेली आणि २०२५मध्ये तिचा अहवाल आला. वस्तू खोलायला किती सोपी, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, दुरुस्तीची माहिती दिली जाते का, असे त्याचे निकष आहेत. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून व्हावी असं सुचवलं आहे. कॅमेऱ्याचं नाव कुठल्याच यादीत वेगळं घेतलेलं नाही.

परदेशातही कॅमेरा असाच फटीत पडतो. युरोपीय संघाने जून २०२४मध्ये दुरुस्तीचा जो कायदा केला, त्यात धुलाई यंत्रं आहेत, फ्रीज आहेत, फोन आहेत, व्हॅक्यूम क्लीनरही आहेत, कॅमेरे नाहीत. कॅलिफोर्नियाने मात्र यादी करण्याऐवजी एक मोजपट्टी ठेवली. १ जुलै २०२४पासून अमलात आलेल्या तिथल्या कायद्यानुसार १०० डॉलर किंवा त्याहून महाग इलेक्ट्रॉनिक वस्तूचे सुटे भाग, हत्यारं आणि माहिती शेवटचं मॉडेल बनल्यापासून सात वर्षं ग्राहकाला आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्यालाही रास्त अटींवर द्यावी लागते. कायदा १ जुलै २०२१नंतर बनलेल्या वस्तूंनाच लागू आहे, म्हणून जुन्या कॅमेऱ्यांना त्याचा उपयोग नाही. तरी माझ्या मते आपण घ्यावा तो हाच नमुना. वस्तूंची नावं लिहीत बसलं की आज कॅमेरा सुटतो, उद्या शिलाई यंत्र सुटेल, परवा दवाखान्यातलं एखादं उपकरण.

*

कायदा होईपर्यंत गावच्या फोटोग्राफरने हात बांधून बसायचं कारण नाही. ‘तुम्ही कॅमेरा धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहक नाही’ असं त्याला पुष्कळदा ऐकवलं जातं. हे चूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ स्पष्ट सांगतो की जो माणूस स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू घेऊन स्वतः वापरतो, तो ग्राहकच आहे. आणखी महत्त्वाचं म्हणजे या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा दिली. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असो की मुंबईला, केनवडच्या माणसाला वाशीमच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, ती मात्र पाळावी लागते. त्यासाठी कागद लागतात: खरेदीची पावती, सेवा केंद्राने लेखी दिलेला नकार किंवा खर्चाचा अंदाज, कुरिअरच्या पावत्या. तोंडी ‘पार्ट येत नाही’ला किंमत नाही; तेच ई-मेलवर मागून घेतलं की तो पुरावा होतो. प्रत्येक प्रकरणात निकाल आपल्या बाजूने लागेल असं नाही. वॉरंटी संपलेल्या, आठ-दहा वर्षं जुन्या कॅमेऱ्याबाबत आयोग काय म्हणेल हे प्रकरणावर अवलंबून राहील. पण असे अर्ज आयोगापुढे गेलेच नाहीत, तर हा प्रश्न अस्तित्वात आहे हेही कुठे नोंदलं जाणार नाही.

या राज्यात हे काम पुढे नेणारी माणसं आणि संस्था आहेत. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४मध्ये पुण्यातून ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि देशाला १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा मिळण्याआधी दहा-बारा वर्षं मराठी माणसं वजनमापं, भेसळ आणि भाव यांसाठी लढत होती. तेव्हाची फसवणूक मापात होती. आता ती वस्तूच्या आयुष्यात आहे. ग्राहक चळवळीने सुट्या भागांचा प्रश्न हाती घ्यावा आणि जिल्ह्या-जिल्ह्यातल्या फोटोग्राफर संघटनांनी त्यांना पुरावे पुरवावेत. कुठल्या मॉडेलचा कुठला पार्ट, कधी मागितला, काय उत्तर आलं, एवढी नोंद जरी एका हंगामभर सगळ्यांनी ठेवली, तरी सरकारपुढे ठेवायला आज नसलेला दस्तऐवज तयार होईल.

सरकारकडे मागणं फार मोठं नाही. मॉडेलची विक्री थांबल्यापासून सुटे भाग किमान सात वर्षं मिळावेत. ते कंपनीच्या केंद्राला ज्या रास्त दराने मिळतात त्याच्या आसपासच्या दराने कुठल्याही कारागिराला मिळावेत. फोकस आणि शटर जुळवण्याचं सॉफ्टवेअर शुल्क भरून मिळावं. मुदत संपल्यावर कंपनीला पार्ट बनवायचा नसेल तर त्याची मापं आणि आराखडे खुले करावेत, म्हणजे राजकोटला, पुण्याला किंवा कोल्हापूरला ज्याला जमेल तो ते बनवेल. आणि हे सगळं होईपर्यंत निदान एक ओळ खोक्यावर छापणं सक्तीचं करावं: या कॅमेऱ्याचे सुटे भाग अमुक वर्षापर्यंत मिळतील. औषधाच्या पाकिटावर तारीख असते, गॅसच्या सिलिंडरवर असते. लाखभर रुपयांच्या यंत्रावर का नसावी?

या दिवाळीत घरात कॅमेरा घेणार असाल, नवा असो की सेकंडहँड, तर किंमत ठरवण्याआधी दुकानदाराला विचारा की याचे पार्ट किती वर्षं मिळतील आणि ते बाहेरच्या कारागिराला मिळतात का. उत्तर पावतीवर लिहून मागा. लिहून देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तेवढंच नोंदवा.